बुधवारचा डबा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मित्रांना नाही, भावाला नाही. देवाला सांगायचं एकदा मनात आलं होतं, पण आमच्या आळीतल्या देवळाचे पुजारी मुरबाडचे. तिकडे बातमी पोचायला वेळ लागत नाही, म्हणून नुसते हात जोडून परत आलो. तुम्ही मुरबाडचे नाही, असं धरून चालतो.

आधीच सांगतो, खून-दरोडा काही नाही. गोष्ट खाण्याची आहे. हसलात ना? मीही पुष्कळ वर्षं हसण्यावारीच नेत होतो. म्हणजे — वर्षं कसली, दोनच झाली. पण तोंड मिटून काढलेली दोन वर्षं लांबच वाटतात.

शहापूरला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. बोअरवेलचे पंप जळाले की लोक माझ्याकडे आणतात, मी त्यांच्यात नवी तार भरून देतो. उन्हाळा आला की पाणी खाली जातं, पंप कोरडे फिरतात आणि जळतात, त्यामुळे माझा सुकाळ मार्च ते मे. त्या उन्हाळ्यात माझी बायको वैशाली दुसऱ्यांदा गरोदर होती. थोरली आर्वी तेव्हा पाच वर्षांची. पहिल्या वेळी वैशालीला साधी मळमळही झाली नव्हती, म्हणून आम्ही दोघंही निर्धास्त होतो. दुसऱ्याने सगळी कसर भरून काढली. फोडणीचा वास आला की उलटी. साबणाचा आला की उलटी. मी दुकानातून घरी आलो की व्हार्निशच्या वासाने उलटी. मी दारातच शर्ट काढून, बनियनवर, चोरासारखा घरात शिरायचो. चोरासारखा — हा शब्द आत्ताच लिहून ठेवतो, पुढे लागेल.

तिचं माहेर मुरबाडच्या पुढे, सिद्धगडाच्या पायथ्याला. डॉक्टरांनी तिला एसटीचे धक्के खायचे नाहीत असं बजावलेलं, त्यामुळे तिला तिकडे जाता येईना. आणि तिच्या आईला — मी त्यांना मामी म्हणतो — इकडे येऊन राहता येईना, कारण गोठ्यात म्हैस गाभण होती आणि ती म्हैस मामींशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नाही. सासऱ्यांनी एकदा प्रयत्न केला होता. त्यांच्या गुडघ्यावर त्याची खूण आहे.

मला मात्र दर बुधवारी मुरबाडला जावंच लागायचं, भरलेल्या मोटारी पोचवायला आणि जळलेल्या आणायला. तेव्हा मामींनी रस्ता काढला. दर बुधवारी त्या सकाळच्या एसटीने मुरबाड स्टँडवर यायच्या, फडक्यात बांधलेला तीन पुडांचा स्टीलचा डबा मांडीवर धरून बाकावर बसायच्या, मी गेलो की डबा माझ्या हातात द्यायच्या आणि उलट्या एसटीने म्हशीकडे परत. सगळा खटाटोप त्या एका डब्यासाठी. पोटुशी लेक, माहेरचा घास तिच्या तोंडात पडलाच पाहिजे. डोहाळे अपुरे राहिले तर पोराची लाळ गळते, हे तिकडे लहान पोरालाही ठाऊक असतं.

पहिला डबा मी इमानाने घरी नेला. हे माझ्या बाजूचं एकच वाक्य आहे, म्हणून ठळकपणे सांगतो — पहिला डबा मी घरी नेला. वैशालीने झाकण काढलं, आत सुकट-कैरी. सुकटीचा वास नाकात गेला आणि ती थेट मोरीत. मग भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "परत असलं घरात आणू नका. पण आईला कळू देऊ नका हा, तिला लय लागेल." मामींचा फोन आला तेव्हा तिने स्वतःच सांगितलं, "व्हय आई, खाल्लं. बरं वाटलं." आता सांगा, अशा वेळी डब्याचं करायचं काय? अन्न टाकून द्यायचं?

मी नाही टाकलं.

किन्हवली सोडली की पुढे नदीचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे रस्त्याला लागून एक रायवळ आंबा आहे, सावलीला चांगला. पुढच्या बुधवारपासून येताना मी तिथे गाडी लावायला लागलो. वरच्या पुडात तांदळाच्या भाकऱ्या, मधल्यात सुकट-कैरी नाहीतर वालाचं बिरडं, खालच्यात कैरीचं लोणचं. आणि मामींच्या हाताला — काय सांगू? सुकट भाजून, चोळून, तिच्यात आंबटढाण कैरीच्या फोडी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. मी खाताना डोळे मिटायचो. शेजारून ट्रक जायचे, डब्यात धूळ पडायची, मी धुळीसकट खायचो. मग नदीच्या डबक्यावर माती घेऊन डबा घासायचा आणि पुढच्या बुधवारी स्टँडवर परत द्यायचा.

तोवर ठीक होतं, असं मी स्वतःला सांगत होतो. बायकोचीच तशी आज्ञा होती. पण मामी बाकावर सरकून जागा करून द्यायच्या आणि विचारायच्या, "खाल्लान का तिनं? काय बोलली?" तेव्हा "खाल्लं" एवढ्यावर थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. मी म्हणालो, "बोटं चाटली मामी. आता कुयरीची भाजी पाहिजे म्हणते."

कुयरीची भाजी वैशालीला जन्मात आवडलेली नाही. कोवळ्या फणसाचा डोहाळा मला लागला होता.

पुढच्या बुधवारी कुयरीची भाजी आली. त्याच्या पुढच्या बुधवारी वैशालीला म्हणे सुके बोंबील हवे होते. मग शेवग्याच्या शेंगा. मग अंड्याचा रस्सा, जरा झणझणीत. "पोटुशीला एवढं तिखट?" असं मामींनी एकदा विचारलं. मी खांदे उडवले — बायकांचे डोहाळे, आपण काय बोलणार? त्या भाकऱ्या चाराच्या पाच करायला लागल्या, दोन जीवांचं खाते माझी पोर म्हणून. एप्रिलअखेर माझा पट्टा दोन भोकं पुढे सरकला. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, "शेठ, वहिनींचा कितवा? आणि तुमचा?"

आर्वीला सुट्टी लागली तशी ती गाडीवर पुढे बसून माझ्याबरोबर यायला लागली. आंब्याखाली तिलाही दोन घास मिळायचे, आजीला न सांगण्याच्या बोलीवर. "आईला वास सहन होत नाय म्हणून आपण खायचं ना, बाबा?" मी हो म्हणायचो, आणि तोपर्यंत ते खरंही होतं.

आता खरं सांगायचं ते येतंय. मी मघापासून कुयरी आणि म्हैस करत बसलोय ते उगाच नाही.

मे लागला आणि वैशालीच्या उलट्या एका आठवड्यात थांबल्या. मंगळवारी संध्याकाळी ती उंबऱ्यात बसली होती, पाय लांब करून. म्हणाली, "उद्या आईचा डबा घरी आणा. सुकट-कैरी असली तर बरं. पहिल्यांदा काहीतरी खावंसं वाटतंय मला." तीन महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर मी तसा उजेड पाहिला नव्हता. मला आनंद झाला. खरंच झाला.

बुधवारी डब्यात सुकट-कैरीच होती. मामींनी फडक्याला गाठ मारताना सांगितलंही. आर्वी पुढे, डबा हँडलला. पूल आला. आंबा आला. गाडी आपोआप थांबली — गाड्या आपोआप थांबत नाहीत, मोटारीचं काम करणाऱ्या माणसाने तरी असं बोलू नये. मी थांबवली. म्हटलं, मीठ बघू. मग म्हटलं, एक भाकरी खाऊ, चार तिला पुरतात. मग म्हटलं — मग काही म्हटलं नाही.

माझी आई नाही, लहानपणापासून अशा हातच्या जेवणाला आसुसलेलो, असं काही सांगितलं असतं तर तुम्हालाही कळवळा आला असता. पण माझी आई धडधाकट आहे, आटगावला राहते आणि तिच्या हाताला उत्तम चव आहे. मी नुसता खादाड आहे.

घरी आलो तर वैशालीने ताट घासून पुसून ठेवलेलं, शेजारी कांदा फोडून. माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "आईनं काय दिलं?"

मी म्हणालो, "मामी आल्याच नाहीत. म्हैस व्यायली."

आर्वीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. आणि माझी पाच वर्षांची पोर, जी शाळेत बाईंना स्वतःचं नाव सांगायला लाजते, ती ठामपणे म्हणाली, "काळं बाळ झालं म्हशीला." तिला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे, मीच शिकवलं होतं.

वैशालीने कांदा झाकून ठेवला आणि वरणभात खाल्ला.

पुढच्या बुधवारी डबा घरी नेता आला असता ना? आला असता. पण मग डबा मिळाला म्हणून वैशालीने आईला फोन केला असता, म्हशीचं विचारलं असतं, आणि म्हैस अजून व्यायलीच नव्हती, असं कारण मी स्वतःला दिलं. मामींच्या घरी रेंज नाही, पाण्याच्या टाकीपाशी गेलं तर येते, त्यामुळे फोन क्वचितच व्हायचे. स्टँडवरून माझ्या मोबाइलवर बोलायचं म्हटलं की मी सांगायचो, आता ती झोपलेली असते. पण म्हैस वगैरे सगळं नंतरचं. खरं कारण, आंबा आला की मला भूक लागायची. मे महिन्याचे चारही डबे मी खाल्ले. घरी येऊन चारही वेळा सांगितलं, मामींना नाही जमलं. दुसऱ्या वेळी वैशाली म्हणाली, "मला जात नव्हतं तेव्हा दर आठवड्याला धाडीत होती. आता एक रेडकू झालं तर विसरली मला." तिसऱ्या वेळी तिने विचारलंच नाही. आणि टाकीपाशी जाऊन मामींनी एकदा फोन केला, तर हिने उचलला नाही.

आणि तिकडे मामी. मेच्या मध्यावर त्या डबा हातात फिरवत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "जावयबापू, वैशू रागावली का माज्यावर? फोन उचलीत नाय. डबा बी रिकामाच येतो."

तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे आलेला डबा रिकामा परत करत नाहीत. साखर, गूळ, दोन दाणे तरी घालतात. वैशालीने तो डबा हातात धरला असता तर तिने तो कधीच मोकळा धाडला नसता. पण तो डबा घासत होतो मी, डबक्यावर, आणि मला पुरावा नाहीसा करण्यापलीकडे काही सुचत नव्हतं. पुढच्या बुधवारी मी सरळगावच्या दुकानातून मूठभर खडीसाखर घेतली, डब्यात टाकली आणि म्हणालो, "वैशालीने दिलीय." मामींनी झाकण उघडून पाहिलं आणि पदराने डोळे पुसले. मी बसच्या वेळापत्रकाचा बोर्ड वाचत उभा राहिलो. नंतरच्या बुधवारीही खडीसाखर दिली. जूनमध्ये शेतीची कामं लागली, मामींचं येणं बंद झालं. म्हैस व्यायली. रेडकू काळं होतं.

ऑक्टोबरात विहान झाला. आणि चार महिन्यांचा झाल्यापासून त्याची जी लाळ सुरू झाली — तीन लाळेरी रोज भिजायची. डॉक्टर म्हणाले, दात येतायत, सगळ्यांचीच गळते. पण आळीतल्या बायका डॉक्टर थोड्याच? उष्टावणाला सगळ्या जमल्या आणि कुणीतरी म्हटलंच, "काय गो, डोहाळे राह्यले वाटतं हिचे."

मामी आल्या होत्या, म्हशीला शेजारणीच्या हवाली करून. त्यांचा चेहरा उतरला. नातवाची हनुवटी पुसत त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माज्याच हातून काय राह्यलं असंल. काय राह्यलं गो वैशू? सांग ना." आणि कमरेची पिशवी सोडून त्यांनी खडीसाखर काढली. "तू मे महिन्यात डब्यातून धाडलेली. खाल्ली नाय मी. याच्या तोंडाला लावायला ठेवली."

वैशालीने खडीसाखरेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत होतो, बेअरिंगचा आवाज येतोय का ते. आर्वीने तोंड उघडलं आणि मी तिच्या तोंडात लाडू कोंबला.

"काय नाय राह्यलं, आई," वैशाली म्हणाली. "सगळं पोचलं मला." आणि एक खडा उचलून तिने आईच्याच तोंडात घातला. मामी हसल्या. त्यानंतर आजपर्यंत वैशालीने मला त्याबद्दल एक शब्द विचारलेला नाही. तिला किती कळलंय, मला ठाऊक नाही. फक्त त्या दिवसापासून विहानची लाळ पुसायचं काम माझ्याकडे आलं, ते कुणी कुणाला न सांगता.

आता त्याची लाळ थांबलीय. मी अजून दर बुधवारी त्या आंब्यापाशी गाडी हळू करतो. मामी आता वर्षातून दोनदा सुकट-कैरी करून आणतात, वैशाली आवडीने खाते, मलाही वाढते. पण त्या मे महिन्यात, पोटात पोर असताना, तिला पहिल्यांदा काहीतरी खावंसं वाटलं होतं आणि ते आईच्या हातचं होतं. तिच्या आईने ते केलं होतं, सकाळच्या एसटीने मांडीवर धरून आणलं होतं. ते मी खाल्लं. आणि फार चांगलं झालं होतं.