आपा, मशीन जड झालंय

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — आणि आजही छाती धडधडते, ती निव्वळ लाजेनं नाही. ते दिवसच तसे होते!

नव्वदचं दशक संपत आलेलं. धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या गल्लीत एकच कॉम्प्युटर, माझा मित्र रफिक याच्या घरी. त्याच्या अब्बांचं कापडाचं दुकान होतं, मी पॉलिटेक्निकला. मशीन मंद झालं की मला बोलावणं यायचं आणि मी धावत सुटायचो. झाकण उघडून ब्रशनं पंख्यातली धूळ काढायची, नको त्या फायली उडवायच्या, मग डिस्कवर विखुरलेल्या फायली ओळीनं लावून घ्यायला बसायचं — पडद्यावर रंगीत चौकोन एकेक करून जागेवर सरकायचे आणि सगळं घर मागे उभं राहून बघायचं. मशीन पळायला लागलं की अब्बांची थाप पाठीवर. आई घरी म्हणायची, "बठ्ठा तुलेच बलावतस." सगळे तुलाच बोलावतात.

मग बोलावणी थांबली. का? काम चोख झालं होतं म्हणून.

आणि मी — कसं सांगू? — एकदा सहज म्हणून गेलो आणि मशीन सुरू होताच आपोआप उघडतील असे जड प्रोग्रॅम त्यात टाकून आलो. बोलावणं आलं. मी ते गुपचूप काढले. पुन्हा थाप. पुन्हा तोच आनंद. काही दिवसांनी पुन्हा तेच केलं.

या खेपेला मात्र अब्बा वैतागले. नेमकं होतं काय याला, असं त्यांनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. रफिकची मोठी बहीण नसीम आपा शेजारीच होती. ती ओढण्यांच्या काठांसाठी वेलबुट्टी काढायची, माऊसनं, ठिपक्याला ठिपका जोडून. दुकानातल्या बायका तिची नक्षी मागायला लागल्या होत्या.

मी म्हणालो, "आपा, तुमच्या चित्रांनी मशीन जड झालंय."

खोटं. साफ खोटं. त्या चित्रांचं असं ओझं ते किती?

तिनं माऊस हातात घेतला. "तू म्हणतोस तर पुसते," म्हणाली. प्रत्येक चित्र एकदा उघडून बघायची, मग पुसायची. माझ्या खिशात कोरी फ्लॉपी होती. चित्रं तिच्यावर उतरवून घ्यायला कितीसा वेळ लागला असता? पण चित्रं वाचली असती, पुन्हा मशीनमध्ये आली असती, आणि तरी मशीन पळतच राहिलं असतं तर — मग? मी फ्लॉपी काढली नाही.

आपा चहा ठेवायला गेली तेव्हा मी माझे प्रोग्रॅम काढून टाकले. मशीन सुसाट सुटलं! आणि मला काय वाटलं, माहीत आहे? आनंद. अंगावर काटा यावा इतका आनंद. आपा तर सगळ्यांत खूश. "बघा, याचंच खरं होतं," ती अब्बांना म्हणाली.

त्यानंतर ती त्या मशीनवर कधी बसली नाही.

गेल्या वर्षी जळगावला तिच्या घरी गेलो होतो. माझ्याकडे बोट दाखवून, यानं आमचा कॉम्प्युटर कसा पळता केला होता, ते ती मुलीला कौतुकानं सांगत होती. मुलीनं विचारलं, तू काय करायचीस त्यावर?

"काही नाही गं," आपा म्हणाली. "उगाच जागा अडवायची."

मी समोरच बसलो होतो.