तंबू कुठे ठोकायचा?

समुद्रावर नेलेला तंबू कितीही झटका, पुढच्या वेळी उलगडला की मूठभर वाळू निघतेच. आमच्या ग्रुपच्या किश्शांचं तसंच आहे. चहा झाला, पाय पसरले, की कुणीतरी म्हणतं, "ते पासिर रिसचं आठवतंय?" झालं! जेवणाची वेळ टळून जाते. नवीन माणूस असला तर तो हमखास विचारतो, "पण सिंगापूरला जाऊन तुम्ही तंबूत कशाला राहायचात?" याचं उत्तर आमच्यातल्या कुणालाच देता येत नाही. म्हणून मग किस्से.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी आणि माझा नवरा श्रीकांत वुडलँड्सला अकराव्या मजल्यावर राहायचो. त्याच मजल्यावर केळकर, नीला आणि त्यांची छोटी केतकी. केळकर श्रीकांतसारखाच कॉम्प्युटरवाला, पुण्याचा, भाजी आणायची तरी प्लॅन करणारा. समोरच्या ब्लॉकमध्ये मालती सारंग, देवगडची. तिचा नवरा जहाजावर चीफ इंजिनियर, त्यामुळे सगळे त्याला 'चीफ'च म्हणायचे. कंपनी सिंगापूरची म्हणून बिऱ्हाड सिंगापूरला. चीफ मात्र जगात कुठेही असायचा, सिंगापूर सोडून! आणि शेवटचा पक्या. सोलापूरकडचा, तुआसच्या एका शिपयार्डात नोकरीला, बिनलग्नाचा, त्यामुळे रविवारी जेवायला कायम आमच्यापैकी कुणाकडे तरी.

* * *

सुरुवात केळकरनं केली. एका सेलमध्ये त्याला तंबू दिसला आणि तो घेऊनच घरी आला.

"ठोकायची प्रॅक्टिस हवी," म्हणत त्यानं तो हॉलमध्येच उभा केला. टाइल्समध्ये खुंट्या कशा जाणार? म्हणून एक दोरी सोफ्याच्या पायाला, एक फ्रिजला, एक खिडकीच्या गजाला. केतकी आत जाऊन बसली ती बाहेर यायलाच तयार नाही. मग केळकरही उशी घेऊन आत. नीलाला सर्दी झालेली, ती बेडरूममध्ये.

सकाळी दार उघडं होतं. जाळीच्या दरवाजातून शेजारच्या चिनी आँटीनं बघितलं, तर मिस्टर केळकर उशी बगलेत मारून हॉलमधल्या तंबूतून रांगत बाहेर येतायत! दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

संध्याकाळी आँटी राजम्याच्या गोड सूपचा मोठा वाडगा घेऊन आली. केळकरला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "नेव्हर माइंड लाह. माय हजबंड आल्सो लाइक दॅट. यू से सॉरी, शी लेट यू बॅक इन द रूम."

केळकरनं सूप संपवलं, वाडगा चाटून पुसून ठेवला आणि म्हणाला, "नीला, तंबू राहू दे गं अजून दोन-चार दिवस."

* * *

मग जागा ठरवायची मीटिंग. केळकरांच्या टेबलावर सिंगापूरचा नकाशा पसरला. चीफ तेव्हा सुट्टीवर होता.

केळकर म्हणाला, "टेकडी पाहिजे. सकाळी उठून चढून यायचं, मग पोहे."

पक्या म्हणाला, "मला मोकळं रान हवं. लांबवर नुसतं शेत दिसलं पाहिजे."

मला नदी हवी होती. पाय सोडून बसता येईल अशी, दगडांची. इथल्या नद्यांना सिमेंटचे काठ.

चीफ शांतपणे म्हणाला, "सूर्य समुद्रात बुडताना दिसायला हवा."

पुन्हा नकाशा फिरवून बघितला. पश्चिमेचा समुद्र म्हणजे तुआस. तिथे सूर्य क्रेनमध्ये बुडतो, हे पक्या रोज बघत होता.

नीला मघापासून ऐकत होती. ती म्हणाली, "आपण तंबूची जागा शोधतोय, का आपापलं गाव?"

चीफनं चहा गार झाला म्हणून कप उचलले आणि आत नेऊन ठेवले.

शेवटी पासिर रिसचा किनारा ठरला. का? तर एमआरटीची ट्रेन तिथपर्यंत जाते म्हणून!

* * *

पासिर रिसला मालतीनं स्टोव्हवर सुके बोंबील भाजले. चीफ बोटीवर परत गेला होता आणि तिला त्याची आठवण आली की बोंबील भाजायची तिची पद्धत होती. केळकर नाकाला रुमाल लावून वाऱ्याच्या उलट्या दिशेला जाऊन बसला.

वासाच्या मागावर एक म्हातारे मलाय गृहस्थ आले. डोक्यावर काळी टोपी, पायात स्लिपर. "इकान केरिंग?" सुकी मासळी ना, असं ते विचारत होते. मालतीला मासळीबाजारातली मलाय चांगली यायची. तिनं "या, पाकचिक," म्हणून त्यांना बसवलं आणि ताट पुढं केलं. पाकचिक म्हणजे काका. काका मांडी घालून जेवले.

मग त्यांनी आमच्या तंबूकडं बघितलं. म्हणाले, जागा चुकली तुमची. इथं वारा अडतो. त्या बाजूला चांगला येतो. "दॅट साइड, माय हाऊस."

त्या बाजूला मला कार पार्कशिवाय काही दिसेना. मी म्हटलं, "त्याच्या पलीकडच्या ब्लॉकमध्ये राहता का?"

"नो, नो. कार पार्क." त्यांनी बोटानं दाखवलं. पूर्वी तिथं गाव होतं, नारळ होते, लाकडाची घरं होती. आता ते लांब एका फ्लॅटमध्ये राहतात, पण सुट्टीच्या दिवशी गाडी काढून इथं येतात. गाडी लावतात, थोडा वेळ आतच बसतात, आणि जातात.

"टुडे आय पार्क इन द किचन," ते हसून म्हणाले.

मालतीनं विचारलं, "एव्हरी टाइम किचन?"

"नो, नो. हरी राया," म्हणजे त्यांची ईद, "आय पार्क इन द हॉल. व्हिजिटर्स कमिंग, मा!"

* * *

पुढच्या खेपेला चांगीहून होडीनं पुलाऊ उबिन. बेटावर एका म्हाताऱ्या चिनी अंकलनं त्याच्या परसात तंबू ठोकू दिला. परसात विहीर होती. खरी विहीर! काठ, रहाट, दोर, बादली, सगळं.

नीलानं एक बादली काढली. मी म्हटलं, "मी काढते." मग मालती. मालती तर पदर खोचून अशी उभी राहिली, की जणू घरी दहा पाहुणे अंघोळीला खोळंबलेत. पाणी कशाला हवंय, हे कुणी विचारत नव्हतं. भांडी भरली, पिंपं भरली. मग झाडांना घालू म्हणून आम्ही रांगच लावली. बादली खाली जाताना दोर हातातून सुर्रकन सरकतो ना, आणि खाली पाण्यावर 'डुब्' असा आवाज येतो, तो आवाज आला की तिघी एकमेकींकडं बघून हसायचो.

केतकी म्हणाली, "मम्मी, why you all so happy? Only water what!"

अंकल बराच वेळ ओट्यावरून बघत होता. शेवटी उठून आला आणि हात जोडून म्हणाला, "इनफ, इनफ! माय पपाया लर्न स्विमिंग ऑलरेडी!"

* * *

तंबूच्या जागेबाबत श्रीकांतचा निकष एकच: संडास. आम्ही समुद्र बघायला जायचो, तो आधी तिकडं जाऊन यायचा आणि मार्क द्यायचा. उबिनवरचा संडास नारळांच्या मागं, पत्र्याचा, दाराला कडीच नाही. आत कुणी आहे हे कळावं म्हणून आतल्यानं आवाज करत राहायचा, असा अंकलचा नियम.

श्रीकांतला गाणं येत नाही. त्यानं आतून पाढे सुरू केले. शाळेत सूर लावून म्हणायचो तसे. आम्ही स्वयंपाकाला लागलो, तरी पाढे चालूच. एकोणतिसाशी आला आणि सातावर अडकला. "एकोणतीस साती... एकोणतीस साती..."

"दोनशे तीन!" तंबूतून केळकर ओरडला.

मग तिथून पुढचा पाढा तंबूतून केळकर, विहिरीवरून पक्या आणि आतून श्रीकांत, असा तिघांनी एका सुरात पुरा केला. श्रीकांत बाहेर आल्यावर म्हणाला, "दहापैकी दहा!"

* * *

मग पक्याला अमेरिकेत नोकरी लागली. आयोवा. आम्ही नकाशात शोधलं, तर समुद्र कुठल्याच बाजूला नाही! चांगी विमानतळावर त्याला सोडून आलो आणि त्या रविवारी नीलानं चुकून एक ताट जास्त मांडलं.

बऱ्याच महिन्यांनी त्याचा फोन आला. ऑफिसच्या लोकांबरोबर तो कॅम्पिंगला गेला होता. तंबू नाही, चाकांवरचं घर! आत पलंग, आत फ्रिज.

"जागा कशी निवडली?" केळकरनं विचारलं. त्याला तेवढंच महत्त्वाचं.

"अरे, तिथल्या कॅम्पच्या ऑफिसात एक बाई बसलेली. तिनं विचारलं, तळ्याकाठी हवी, झाडाखाली हवी का नळाजवळ हवी? प्रत्येक जागेला विजेचा प्लग! मी म्हटलं, शेताला लागून आहे का? ती म्हणाली, आहे, पण ती कुणी मागत नाही. धूळ येते. मी म्हटलं, तीच द्या."

मक्याचं शेत. नजर पोचेल तिथपर्यंत मका. सकाळी बाकीचे तळ्यावर गेले. पक्या गाडीच्या मागच्या शिडीवरून टपावर चढला आणि तिथं मांडी ठोकून बसला. लहानपणी ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसायचा तसा. हाताशी गोफण नव्हती, म्हणून खडे घेऊन.

दुपारी ती बाई गोल्फची गाडी घेऊन आली. "सर, आर यू ऑल राइट अप देअर?"

पक्या म्हणाला, "राखण करतोय."

बाईला ते इंग्रजीत समजावताना त्याची पुरेवाट झाली. पण ती चांगली होती. तिनं त्याला एक थंड लिंबू सरबत आणून वर दिलं आणि गेली.

"मग?" आम्ही सगळे रिसिव्हरभोवती जमलेलो.

पक्या म्हणाला, "संध्याकाळपर्यंत बसलो रे. एक पाखरू आलं नाही."

* * *

आता मालतीचा.

एकदा चीफचा फोन आला. जहाज शनिवारी सिंगापूरला येणार, पण धक्क्याला लागणार नाही. समोर समुद्रात नांगर टाकायचा, इंधन भरायचं आणि निघायचं. किनाऱ्यावर उतरायला वेळ नाही. वर्ष होत आलं होतं त्याला जाऊन.

"असं कर," तो म्हणाला, "तुम्ही सगळे ईस्ट कोस्टला तंबू ठोका. मी दुर्बिणीतून बघतो."

त्या वेळी जागेसाठी मीटिंग झाली नाही. मालती एकटी किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली आणि समोर झाड नाही, शेड नाही, अशी जागा बघून म्हणाली, "इथं." केळकरनं त्याचा पिवळा तंबू ठोकला. श्रीकांतनं त्या दिवशी संडास बघितलासुद्धा नाही.

समोर जहाजंच जहाजं, क्षितिजापर्यंत ओळीनं. काळं बूड, पांढरी केबिन, असं चीफनं सांगितलेलं. निम्मी जहाजं तशीच! मालतीनं हिरवी साडी नेसली होती, लांबून उठून दिसावी म्हणून. प्रत्येक जहाजाला तिनं हात केला. शनिवार गेला. रविवारी सकाळी जहाजाच्या एजंटच्या ऑफिसला फोन लावला, तर कुणी उचलेना. दुपारी आभाळ भरून आलं, एक सर येऊन गेली. सोमवारी सगळ्यांना कामं होती. आम्ही तंबू काढला आणि बसनं घरी आलो. वाटेत मालती खिडकीतून बाहेर बघत होती.

मी तिला तिच्या घरी जाऊच दिलं नाही. त्या रविवारी संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात मुगाची खिचडी ढवळत होती आणि पिवळा तंबू आमच्या बाल्कनीत वाळत होता.

त्यानंतर एक दिवस तिच्याकडे चकल्या करायला बसलो होतो, तर चीफचा फोन. आखातातल्या कुठल्याशा बंदरातून. चीफचा आवाज इंजिनरूममध्ये घडलेला, रिसिव्हर कानाला न लावताही शेजारच्याला ऐकू यायचा.

"जहाजाला उशीर झाला गो! रविवारी संध्याकाळी नांगर टाकला. म्हटलं, गेली असशील तू. ब्रिजवरून दुर्बीण मागून आणली, बघतो तर काय, पिवळा तंबू! आणि बाहेर तू बसलेलीस! मी हात केला, तर उठून उभी राहिलीस. केवढा वेळ हात हलवत होतीस! मी हलवत होतो, तू हलवत होतीस. पार अंधार पडेपर्यंत!"

सोऱ्या माझ्या हातात तसाच राहिला. मी मालतीकडं बघितलं.

तिनं पिठाचा हात पदराला पुसला, रिसिव्हर नीट धरला आणि म्हणाली, "हो तर! मी पण बघितलं तुम्हाला. केवढे वाळलायत!"