दामूभाऊंची जिन्याखालची खोली

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता सिंदीहून फोन आला. दामूभाऊ गेले, असं कमलावहिनींनी सांगितलं. मी वर्ध्याला घरी होतो. फोन ठेवला आणि माझी नजर माळ्याकडे गेली. तिथे प्लास्टिकच्या पिशवीत दामूभाऊंचं एक पुस्तक दोन वर्षांपासून पडून होतं. ते माझ्याकडे नाही, असं मी त्यांना सांगितलं होतं.

दामूभाऊ सिंदी रेल्वे स्टेशनवर गाड्यांचे रूळ बदलणारे पॉइंट्समन होते आणि मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायचो. वर्ध्याहून रोज पॅसेंजरने येणंजाणं होतं. परतीची गाडी हमखास उशिरा यायची आणि तो वेळ त्यांच्या क्वार्टरमध्ये जायचा. दोन खोल्या, दोन खाटा आणि खाटांखाली लोखंडी पेट्या. पेट्यांत कपडे असतील असं मला वाटायचं. एकदा त्यांनी एक पेटी ओढून झाकण उघडलं, तर आत कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि पुस्तकं. नववीत शाळा सुटलेला हा माणूस माझ्यापेक्षा जास्त वाचलेला होता, हे त्या संध्याकाळी मला कळलं. ते मला 'मास्तर' म्हणायचे. त्या शब्दाचा मान ते ठेवत होते, म्हणून मीही ठेवीन असं त्यांना वाटत असावं...

निवृत्तीनंतर त्यांनी सिंदीतच छोटं घर बांधलं. गच्चीवर जाणाऱ्या जिन्याखाली साडेचार फूट रुंद आणि सात फूट लांब जागा उरली. अशा जागेत लोक स्कूटर ठेवतात, धान्याची कोठी ठेवतात. वहिनींचा कोठीचाच विचार होता. दामूभाऊ म्हणाले, इथं पुस्तकं राहतील. "तुरीच्या पोत्याले घरात जागा नाई, अन् पुस्तकाईले बंगला," वहिनी म्हणाल्या. दामूभाऊ म्हणाले, "तूर सहा महिन्यात सरते. हे सरत नाई, म्हणून तं जागा पाह्यजे." वहिनी हसल्या आणि कोठी स्वयंपाकघरात गेली.

ती खोली त्यांनी जशी रचली तशी रचलेली मी दुसरी पाहिली नाही. आधी महिनाभर फक्त पुस्तकं मोजली. कागदाच्या पट्टीवर प्रत्येकाची उंची उतरवली, मग सारख्या उंचीची एका जागी केली. जिन्याचं छत उतरतं होतं. उंच बाजूला मोठे ग्रंथ, छत खाली येत जाईल तशी लहान पुस्तकं आणि अगदी टोकाला, जिथे मोठ्या माणसाला वाकावं लागतं, तिथे लहान मुलांची. सुताराने प्लायवूड सुचवलं. "प्लाय उदईले पयले आवडते," असं म्हणून वाळवीच्या भीतीने त्यांनी कापसाच्या एका मोडलेल्या गोदामाच्या सागवानी फळ्या आणल्या. फळ्या भिंतीपासून दोन बोटं दूर, कारण पावसाळ्यात भिंत ओल धरते. सगळ्यांत खालची फळी जमिनीपासून वीतभर वर. उत्तरेला हातभर रुंदीची खिडकी, म्हणजे उजेड येईल, ऊन येणार नाही. बसायला एक पेटीवजा बाक, आत मासिकं, वर गादी. गादीत वहिनींनी जिनातून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, आणलेला कापूस भरला होता आणि दर दिवाळीआधी त्या तो पिंजून घ्यायच्या. बाकावर एकच माणूस मावायचा. मी गेलो की दामूभाऊ मला बाकावर बसवायचे आणि स्वतः उंबऱ्यावर बसायचे. आमच्याकडच्या उन्हाळ्यात घराघरात कुलर चालतो, पण त्या खोलीत त्यांनी तो कधी लावला नाही. दमट हवेने कागद फुगतो, म्हणायचे.

पुस्तक कोणी घरी नेलं तर त्याच्या जागी नाव लिहिलेला पुठ्ठा ठेवायचा, असा त्यांचा नियम होता. मला मात्र त्यांनी कधी पुठ्ठा लिहू दिला नाही. "मास्तरले काय पुठ्ठा लावाचा," म्हणायचे. मला ते आवडायचं.

त्या पुस्तकांत लाल कापडाच्या बांधणीचा एक जाड गठ्ठा होता. दामूभाऊंच्या वडिलांना अक्षरओळख नव्हती. धम्मदीक्षेनंतर ते दरवर्षी दसऱ्याला नागपूरला जायचे आणि तिथून एक पुस्तिका विकत आणायचे. गावात ज्याला वाचता येत असेल त्याच्याकडून ती पूर्ण ऐकायचे. अशा वीसबावीस पुस्तिका दामूभाऊंनी एकत्र बांधून घेतल्या होत्या. काहींच्या कडेला वडिलांच्या अंगठ्याचे काळपट डाग होते. दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, एका व्याख्यानासाठी मी तो गठ्ठा घरी आणला. वाचून झाल्यावर खिडकीतल्या कुलरशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि दोन दिवसांसाठी नात्यातल्या लग्नाला अमरावतीला गेलो. आलो तेव्हा पाण्याची नळी चालू राहून कुलरची टाकी भरून वाहिली होती. गठ्ठा फुगून दुप्पट झाला होता, पानं एकमेकांना चिकटली होती आणि बांधणीचा लाल रंग अक्षरांत उतरला होता. मी तो पंख्याखाली वाळवला, पानांत पावडर घातली, इस्त्री फिरवून पाहिली. मग पिशवीत बांधून माळ्यावर टाकला.

जूनमध्ये दामूभाऊंनी सहज विचारलं, "मास्तर, तो लाल गठ्ठा तुमच्याकडं हाय काय?" मी म्हणालो, "मागच्या खेपेला परत ठेवला ना. तुम्ही आंघोळीला गेला होतात." आंघोळीचं मी कशासाठी जोडलं, ते माझं मलाच कळलं नाही. "असन मंग," ते म्हणाले.

त्यांच्या मागच्या गल्लीत प्रणाली राहायची. तेव्हा बारावीत होती. आई कापसाच्या जिनात कामाला, घरात एका खोलीत सहा माणसं. ती रोज सकाळी सात ते नऊ त्या बाकावर बसून अभ्यास करायची आणि दामूभाऊ कोणाला तिकडे फिरकू द्यायचे नाहीत. लाल गठ्ठा सापडेना तेव्हा लोकांना तीच आठवली. समोर कोणी काही बोललं नाही. नळावर बोलणं झालं, किराणा दुकानात झालं. ऑगस्टमध्ये मी गेलो तर बाकावरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. दामूभाऊ म्हणाले, "गठ्ठ्याचं सोडा, मास्तर. वस्तू होती, गेली. पण पोरगी येत नाई."

तेव्हा सांगायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "परीक्षा असेल तिची." आणि चहा प्यालो.

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मी जात राहिलो, ते मला बाकावर बसवत राहिले. वागण्यात फरक पडला असता तर मला सोपं गेलं असतं.

दामूभाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात श्रद्धांजली म्हणून मला बोलायला सांगितलं. मी वीस मिनिटं बोललो. त्या खोलीबद्दल, फळ्यांबद्दल, उजेडाबद्दल. "या खोलीला कुलूप नव्हतं, कारण दामूभाऊंचा माणसांवर विश्वास होता," असंही म्हणालो. मांडवात मागे प्रणाली आईसोबत उभी होती. त्या वाक्याला तिने मान खाली घातली. नंतर लोक येऊन म्हणाले, सर, छान बोललात.

पुढच्या आठवड्यात मी सावंगीला गेलो. प्रणाली तिथे नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेटबाहेरच्या टपरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं. चहावर साय आली.

"मी तवाच काकाले सांगतलं होतं, मी नाई नेलं," ती म्हणाली. "ते म्हणे, मले मालूम हाय. मी म्हटलं, मंग कोणं नेलं? तं ते काही बोलले नाई."

"मग तू येणं का सोडलंस?"

"मी जाताना काकू मायी बॅग पाहत होत्या, सर. हात नाई लावला कधी. नुसत्या पाहत होत्या."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "मले एकटीले सांगून काय होते? त्या दिवशी मांडवात माईक धरून बोलले ना तुम्ही? हे बी तसंच सांगा."

मांडव आता निघाला आहे, मी पेपरात लिहीन, असं मी म्हणालो. तिचं नाव लिहू का, हेही विचारलं.

"लिहा. नाव तं तवाच घेतलं सगळ्याईनं." घड्याळ पाहून ती उठली. "मायी ड्युटी हाय." चहा तसाच होता.

गठ्ठ्याची पिशवी सोबत होती, तिथून सिंदीला गेलो आणि वहिनींनाही सगळं सांगितलं. वहिनींनी पिशवी सोडली, फुगलेला गठ्ठा मांडीवर घेतला आणि नखाने एक पान सोडवून पाहिलं. ते फाटलं. मग त्यांनी हात काढून घेतला. "दोन महिने मी त्या लेकराची बॅग पाहत होती," त्या म्हणाल्या. "हे म्हणे, कमल, पाहू नको. मी म्हटलं, तुमाले काही समजत नाई." मला त्यांनी काही बोल लावला नाही. त्या दिवशी चहाही विचारला नाही. मी उठलो तेव्हा त्यांनी पायात चप्पल घातली आणि माझ्याआधीच घराबाहेर पडून मागच्या गल्लीकडे वळल्या.

प्रणालीच्या आईने त्यांना दारातच उभं ठेवलं आणि ऐकून घेतलं, असं त्यांनी मला नंतर फोनवर सांगितलं. पोरगी सुट्टीत घरी आली की सांगते, एवढंच ती आई म्हणाली. दामूभाऊंना नेमकं काय ठाऊक होतं, हे मला आता कधी कळणार नाही. त्यांच्या मांडवात ज्यांनी माझं भाषण ऐकलं, त्यांना एवढंच कळावं की गठ्ठा मी नेला होता, तो माझ्या हातून खराब झाला आणि मी खोटं बोललो. प्रणालीने त्याला हातही लावला नव्हता.

वहिनी रोज सकाळी सात वाजता जिन्याखालच्या खोलीची खिडकी उघडतात, गादी घालतात आणि नऊ वाजता गुंडाळून ठेवतात. प्रणाली अजून आलेली नाही.