कॉलेजात योसेफाचं आख्यान

ठाण्यात तेव्हा कॉलेज नव्हतं. मॅट्रिक झाल्यावर मी मुंबईच्या एका कॉलेजात नाव घातलं आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की मी कोण हे मला इथे रोज सांगावं लागणार. टेंभी नाक्याच्या आमच्या आळीत कुणी कधी विचारलं नव्हतं. आम्ही इस्रायल लोक, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, शनिवारी चूल पेटवत नाही, मटण आणि दूध एकत्र शिजवत नाही, हे शेजारपाजारच्या सगळ्यांना ठाऊक होतं. कॉलेजात मात्र माझं गावावरून पडलेलं आडनाव ऐकून मुली मला कोकणस्थ समजत. नाव ऐकून ख्रिस्ती समजत. एकदा मी बोलता बोलता म्हणाले, "आज सण आहे, मशिदीत जायचंय," तेव्हा शेजारच्या बाकावरची मुलगी बिचकली. आमच्याकडे प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणायचे, पण ते तिला कसं कळावं?

आमच्यातला आणखी एकच मुलगा वर्गात होता, कल्याणचा. तो आपण ख्रिस्ती आहोत असं सांगून मोकळा व्हायचा. "सोपं पडतं," तो मला म्हणाला होता. "खरं सांगितलं की लगेच विचारतात, तुमचा देश झाला ना आता, मग कधी जाणार?" हा प्रश्न मलाही येई. विचारणारे वाईट मनाने विचारत नसत. काही नातलगांनी बांधाबांध सुरू केली होती, वडील मात्र तो विषय निघाला की दुसरंच काही काढत.

दुसऱ्या वर्षी मराठीच्या प्राध्यापकांनी एकदा तासानंतर मला थांबवलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही घरी कुठली भाषा बोलता?"

"मराठीच."

"आणि देवाचं?"

"प्रार्थना हिब्रूत. पण कीर्तन मराठीत असतं."

ते चकित झाले. साकी, दिंडी, ओव्या, सगळं आहे का, असं त्यांनी खोदून विचारलं आणि शेवटी म्हणाले, "मग या वर्षीच्या स्नेहसंमेलनात तुम्हीच एक आख्यान लावा ना."

मी हो म्हणून बसले. आमच्याकडे कीर्तन पुरुष करत. माझे थोरले मामा ठाण्यातच शाळामास्तर होते आणि सणावारी मशिदीच्या अंगणात त्यांचं कीर्तन व्हायचं. त्यांना योसेफाचं आख्यान तोंडपाठ होतं. मला ऐकून ऐकून अर्धंअधिक येत होतं, उरलेलं त्यांनी शिकवावं एवढंच हवं होतं.

मामांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. "हे देवाचं काम आहे पोरी. गॅदरिंगमध्ये पोरं शिट्ट्या मारतात. तिथे मी योसेफाच्या बापाचं, याकोबाचं दुःख मांडायला पाठवू तुला?"

"मुलगी आहे म्हणून नाही म्हणताय का?"

"तेही आहे," ते सरळ म्हणाले.

तरी त्यांनी मला घरात गायला बंदी केली नाही. रविवारी त्यांच्या ओसरीवर मी म्हणायची, ते आत पेपर वाचत बसायचे आणि चुकलं की आतूनच सुधारायचे. पेटीच्या साथीसाठी मी एका वर्गमैत्रिणीला बोलावलं. ती सिंधी होती. फाळणीनंतर तिचं कुटुंब बोटीने मुंबईला उतरलं आणि कल्याणजवळच्या निर्वासितांच्या छावणीत राहत होतं. तिचा थोरला भाऊ दुकानाची निरवानिरव करायला मागे थांबला, तो आलाच नव्हता. काही खबरही नव्हती. हे तिने मला एकदाच सांगितलं होतं, नंतर आम्ही तो विषय काढला नाही. तिला मराठी जेमतेम कळायचं, पण एकदा ऐकलेली चाल ती विसरत नसे.

आपली मुलगी रविवारी कुठे जाते हे बघायला एकदा तिचे वडील तिच्याबरोबर ठाण्याला आले. उंच, वाकलेले, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ. मामांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. आमचं गाणं सुरू झालं. भावांनी योसेफाला खड्ड्यात टाकलं, व्यापाऱ्यांना विकलं, त्याचा रक्ताने माखलेला अंगरखा बापापुढे धरला. त्यांना शब्द कळत नव्हते. त्यांनी मामांना हळूच विचारलं, "ये किस का किस्सा है?"

मामांनी त्यांच्या मास्तरी हिंदीत दोन वाक्यांत सांगितलं.

ते म्हणाले, "ये तो यूसुफ है. हमारे वहाँ फकीर गाते थे. दरवाजे पर आकर गाते थे."

मग डोळे मिटून त्यांनी सिंधीत काहीतरी गुणगुणलं. त्यांच्या मुलीने ती चाल पेटीवर पकडली. मला एक शब्द कळला नाही, फक्त 'यूसुफ' परत परत येत होतं. ते थांबले आणि मामांना म्हणाले, "मास्टरजी, बाप को आखिर में लड़का मिलता है ना? आपकी किताब में भी?"

"मिलता है," मामा म्हणाले. "बहुत बरस के बाद. लेकिन मिलता है."

मैत्रिणीचे वडील मान हलवत राहिले. माझी मैत्रीण पेटीच्या पट्ट्यांकडे बघत होती. मामा उठून आत गेले. आले तेव्हा हातात झांजा होत्या. मला म्हणाले, "भेटीचा भाग तू फार घाईत घेतेस. तिथे थांबायला शीक. चल, परत."

अशी परवानगी मिळाली. पुढचे रविवार मामा माझ्यासमोर बसून शिकवू लागले.

संमेलनाच्या दिवशी मामांची भीती खरी ठरली. नऊवारी नेसून मी उभी राहिले तशा मागून शिट्ट्या आल्या. कुणीतरी "बुवा, बुवा" म्हणून ओरडलं. मला पहिल्या साकीची दुसरी ओळ आठवेना. मैत्रिणीने ती चाल पेटीवर पुन्हा वाजवली, मग आणखी एकदा, अगदी सावकाश, जणू ते तसंच ठरलेलं होतं. तेवढ्यात ओळ आली. त्यानंतर मी मागे बसलेल्यांकडे पाहिलंच नाही. दुष्काळात धान्य मागायला आलेल्या भावांना योसेफ सांगतो, मीच तुमचा भाऊ, आणि विचारतो, माझा बाप अजून जिवंत आहे का? तिथे मी मामांनी सांगितल्यासारखी थांबले. सभागृहात कुणी खाकरलंसुद्धा नाही.

नंतर मुलं रंगमंचामागे आली, प्रश्न विचारू लागली. हे तुमचंच का, कोणी रचलं, अजून कुठली आख्यानं आहेत? 'कधी जाणार' असं त्या दिवशी कुणी विचारलं नाही. कल्याणचा तो मुलगा बाजूला उभा होता. एकाने मला विचारलं, "तुमच्यात झांजा कोण धरतं?" तर तो मध्येच म्हणाला, "आमच्यात बहुतेक घरचेच कोणीतरी. माझे काका धरतात." विचारणाऱ्याने त्याच्याकडे वळून पाहिलं. तो थोडा लाल झाला, पण बोलत राहिला.

आमच्या समाजात कुरकुर झाली. पोरीने परक्यांपुढे देवाचं नाव तमाशासारखं घेतलं, असं एक वडीलधारे गृहस्थ मशिदीच्या पायऱ्यांवर मामांना म्हणाले. मामांनी वाद घातला नाही. पुढच्या सणाला त्यांनी अंगणात सतरंजी घातली आणि स्वतः झांजा घेऊन मला उभं केलं. ते गृहस्थ उठून जातील असं वाटलं होतं, पण शेवटपर्यंत बसले. जाताना म्हणाले, "दिंडीत लय पळते तुझी," आणि सणाच्या प्रार्थनेसाठी केलेल्या मनुकांच्या शरबताचा पेला माझ्या हातात ठेवून गेले.

मैत्रिणीच्या भावाची खबर आली नाही. तिचे वडील मात्र अधूनमधून रविवारी ठाण्याला येत राहिले, मुलीचं लग्न होऊन ती पुण्याला गेल्यावरसुद्धा. मामा आणि ते ओसरीवर बसत. दोघांनाही एकमेकांची भाषा धड येत नव्हती, पण तासन्‌तास बोलत. काही वर्षांनी मामा मुलांबरोबर इस्रायलला गेले. आम्ही राहिलो. वडिलांनी तसा निर्णय कधी बोलून दाखवला नाही, फक्त त्या वर्षी त्यांनी घराची कौलं नवी घातली.

मामा इस्रायलला गेल्यानंतरच्या एका रविवारी ते सिंधी गृहस्थ नेहमीसारखे आले. मामांच्या दाराला कुलूप होतं, म्हणून आमच्याकडे आले. मामा गेल्याचं त्यांना माहीत होतं, निरोप द्यायलाही ते आले होते. वडिलांनी विचारलं नाही, का आलात. आईने चहा टाकला. चहा पिऊन झाल्यावर ते मला म्हणाले, "बेटी, वो मिलने वाला हिस्सा सुनाओ." पेटी नव्हती. मी तसंच म्हटलं.