लॉनवरचा राब

माझ्या बायकोच्या मामांइतका गवताचा हाडवैरी अख्ख्या जोयडा तालुक्यात शोधून सापडायचा नाही, आणि माझ्या होमस्टेच्या लॉनला पडलेली टकलं बुजवायला मी नेमकं त्यांनाच बोलावलं. कुंभारवाड्याकडचा भातकरी माणूस. लग्नाच्या पंगतीत बसले तरी डावा हात मागं जाऊन दोन काड्या उपटणारच. माती नाकाशी नेल्याशिवाय कशावर विश्वास नाही. भाचीसाठी स्थळ बघायला आले, तेव्हा आमच्या घरात पाऊल टाकण्याआधी परसातली माती हुंगून आले होते. मी पास झालो तो त्या मातीवर. गवताच्या बियाण्याचं पाकीटही त्यांनी आधी नाकाशी नेलं. मग म्हणाले, "जावईबापू, गवत उपटण्यात जल्म गेला माजा. आता त्येचं बियाणंबी इकत घ्याचं व्हय?"

तरी चार दिवस उकिडवं बसून त्यांनी वाळकं गवत खरवडलं, खडे वेचले, माती भुसभुशीत केली. पाचव्या दिवशी मी बेळगावला गेलो. परतलो तर अंगणभर धूर. भाताचं रोप टाकण्याआधी वाफा भाजतात, तसा मामांनी एकेका टकलावर पालापाचोळा आणि शेणी रचून राब भाजला होता. लॉनवर सहा काळे डाग, व्हरांड्यात खोकणारे पाहुणे, आणि मामा खुशीत.

"गवत म्हंजी तरी काय, भाताचीच भावकी. तणाचं बी जळलं, आता बगा."

माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत म्हणालो, "मामा, हे शेत नाही. तुम्हाला बोलावलं हेच माझं चुकलं." त्यांनी हात धुतले आणि चहा न घेता निघून गेले.

मग मीच सगळीकडं बी टाकलं. मिरगानंतर त्या सहा डागांवर दाट गवत आलं, बाकी लॉनभर तण. तेव्हाच मामांकडं जायला हवं होतं. बस नाही, पाहुणे आहेत, म्हणत दिवाळी गाठली. खरं तर लाज वाटत होती.

शेवटी त्या गवताचा तुकडा मातीसकट केळीच्या पानात बांधून गेलो. मामा ओसरीवर बसले होते. गुडघे गेलेले, नजर अधू. मामी म्हणाल्या, "तुमच्याकडनं आल्यापास्नं खुरपं हातात धरलं न्हाई त्येनी."

मामांनी माती नाकाशी नेली. "राबाचीच हाय," म्हणाले. मग माझा हात धरला. "भाजायच्या आदी तुमास्नी इचारायचं ऱ्हायलं बगा माज्याकडनं. मनात धरू नका."

माफी मागायला गेलो होतो मी. ती न मागताच तीनच्या बसनं परत आलो. हल्ली पाहुणे लॉनवर फिरतात, तेव्हा त्या सहा जागा चुकवून चालायला सांगतो.