कूलरमधलं पाखरू

मी आयुष्यात एकच वस्तू दुरुस्त केली आहे, ती म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. त्यातला सेल बदलला. (नंतर ते उलटं टांगलं गेलं, पण चालू होतं हे महत्त्वाचं!) एवढ्या भांडवलावर मी मागच्या उन्हाळ्यात इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिरलो, आणि त्यात माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं.

झालं असं, की आमच्या रश्मीनं अकोल्याचा निखिल पसंत केला आणि निखिलनं रश्मीला. आम्हा मोठ्यांना करण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं. निखिलच्या आईवडलांनी अमरावतीला आमच्या घरी यायचं, घरदार बघायचं, चार घास खायचे आणि साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरवून परत जायचं, एवढंच बाकी होतं. हे एवढं नीट पार पडावं म्हणून माझी बायको मंगला महिनाभर आधीपासून पडदे धूत होती. मी मात्र फोनवर बोलत होतो. घात तिथंच झाला.

निखिलचे वडील भास्करराव मूळचे तेल्हाऱ्याचे. शेती तिकडे, घर अकोल्यात, आवाज दोन्ही ठिकाणी ऐकू जाईल असा. मला म्हणाले, "आमच्या घरी मिस्त्री येत नाई बरं सर! पंखा म्हना, मोटर म्हना, मिक्सर म्हना, सगळं मीच घरी करतो."

"आमच्याकडेही तसंच आहे," मी म्हणालो. का म्हणालो? व्याह्यांना आमच्याकडे इवाई म्हणतात, आणि इवायासमोर पडती बाजू घेणं वऱ्हाडी माणसाच्या रक्तात नाही.

"अस्सं? तुमी काय करता?"

मी नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत भूगोल शिकवतो. पण हा प्रश्न नोकरीबद्दल नव्हता. पंखा, मोटर, मिक्सर त्यांनी आधीच घेऊन टाकलेले. माझ्यासाठी शिल्लकच काय होतं? माझ्या तोंडून शब्द गेला, "इलेक्ट्रॉनिक्स."

"वा! मंग आलो का दाखवजा एखादं!"

फोन ठेवला तेव्हा मंगला माझ्याकडे बघत होती. "तुमाले बल्ब तरी बदलता येते का?" तिनं विचारलं. उत्तर तिलाच ठाऊक होतं, कारण बल्बही तीच बदलते.

मग मी घरबसल्या मोबाइलवरून एक सोल्डरिंगचं किट मागवलं. खोक्यावर लिहिलं होतं, 'नवशिक्यांसाठी. मजेत शिका, गमतीची उपकरणं बनवा. वय वर्षे आठ आणि पुढे.' मी छप्पन्न वर्षांचा, म्हणजे पात्रता भरपूर होती. आत एक हिरवी पट्टी, तापणारी सळई, कथलाच्या तारेचं वेटोळं आणि पाखडलेल्या डाळीतले खडे असावेत तसे बारीकबारीक भाग. सगळं जोडलं की पाण्याची पातळी सांगणारा गजर तयार होणार होता. दोन वायरी पाण्याला टेकल्या की वाजणार! आवाज चार: पाखरू, रुग्णवाहिका, पोलीस आणि (का कोण जाणे) मशीनगन. हवा तो आवाज निवडायला पट्टीवर चार ठिपके होते. ज्या ठिपक्याला वायर जोडू, तो आवाज.

मी अत्यंत सज्जनपणे पाखरू निवडलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात घराचा खरा कर्ता पुरुष कूलर असतो. त्याची टाकी पाइपनं भरायची, भरेपर्यंत जवळ उभं राहायचं आणि वेळीच नळ बंद करायचा. हे काम माझं. मी पाइप लावतो, पेपर उघडतो आणि पाणी सोफ्याखाली पोचलं की मंगला ओरडते. गजर बसवला की ही कटकट संपणार, शिवाय इवायांना दाखवायला वस्तू तयार. एका दगडात दोन पक्षी!

प्रत्यक्षात पहिला दगड माझ्याच अंगठ्यावर पडला. सळई कुठल्या टोकाला तापते हे मी बोटानं शोधून काढलं. मग रेझिस्टर नावाच्या चिमुकल्या नळ्यांवर रंगीत पट्टे होते, ते ओळखता येईनात, म्हणून मंगलाला बोलावलं.

"हा लाल हाय का गं?"

"लाल नाई, तो डाळिंबी हाय."

"इथं डाळिंबी लिहिलेलाच नाही!"

"मंग तुमचं पुस्तक चुकीचं हाय. अन् हा दुसरा मोतिया." साड्यांच्या दुकानात आयुष्य घालवलेल्या बाईला कोण समजावणार? मी डाळिंबी आणि मोतिया हिशेबात धरून डाग द्यायला सुरुवात केली. किटमध्ये दोनदा बजावलं होतं की एक डाग दुसऱ्याला टेकता कामा नये. माझे डाग मात्र चांगले मिळून मिसळून वागणारे निघाले. जेवणाच्या टेबलावरच्या मेणकापडाला तीन भोकं पडली, आणि त्या दिवशीच्या वरणाला कथलाच्या तारेतल्या राळेचा वास आला असं घरातल्या सर्वांचं मत पडलं. (मी दोनदा वाढून घेतलं. नाइलाज होता.)

पण शेवटी ते झालं! पेल्यात पाणी घेतलं, वायरी बुडवल्या आणि पट्टीतून पाखरू बोललं: चिवचिव, चिवचिव! खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. रश्मी जन्मली तेव्हा मी एवढा हेलावलो नव्हतो. (हे तिला सांगू नये.)

रश्मी मात्र गंभीर झाली. "बाबा, एक मागू? त्यांना हे पेल्यात दाखवा. पण कूलरमध्ये त्या दिवशी लावू नका. प्लीज. मला ते लोक खूप आवडले आहेत हो."

"नाही लावणार," मी म्हणालो. लेकीचा चेहरा बघून मलाही भरून आलं होतं आणि मी मनापासून शब्द दिला होता. पण ज्या दिवशी ते येणार होते त्या दिवशी सकाळी मंगलानं कूलरला वाळ्याच्या नव्या कोऱ्या ताट्या लावल्या आणि मला वाटलं, पेल्यातला गजर तर कुणीही दाखवेल! इवाई बसले आहेत, टाकी भरत आली आहे आणि कूलरमधून हळूच पाखरू बोलतंय, त्याची मजा काही औरच. दोघी स्वयंपाकघरात गुंतल्या होत्या. मी पट्टी कूलरच्या आत, ताटीच्या मागे, दिसणार नाही अशी बसवली. पडू नये म्हणून नळाच्या गळतीला लावतात तो लेप थापला. तो दगडासारखा घट्ट झाला. सेलही त्यातच गाडला गेला.

पट्टी बरोबर त्या नळीखाली बसली होती जिच्यातून पंपाचं पाणी ताट्यांवर सोडतात. नदी डोंगरावरून खाली वाहते हे मी तीस वर्षं पोरांना शिकवतो आहे. पण ताट्या तेव्हा कोरड्या होत्या आणि मास्तर खुशीत होते.

पाहुणे भर उन्हात आले. भास्करराव, त्यांच्या पत्नी शोभाताई आणि निखिल. मंगलानं कूलर लावला, थंडगार वाळ्याचा वास सुटला आणि शोभाताई म्हणाल्या, "बाप्पा, जीव थंड झाला!" मंगलानं गिला वडा आणला. (दह्यात चिंब बुडालेला हा वडा खाल्ल्याशिवाय अमरावतीतून पाहुणा सोडत नाहीत.) पहिला घास तोंडात गेला आणि कूलरमधून आवाज आला, चिवचिव!

"पाखरू शिरलं का जी?" भास्कररावांनी विचारलं.

रश्मीनं माझ्याकडे पाहिलं. मी वड्याकडे पाहिलं. टाकी अजून अर्धीसुद्धा भरली नव्हती. मग पाखरू का बोलावं?

"उन्हाळ्यात येतात सावलीला," मंगला म्हणाली. तिनं मला वाचवलं, पण देवानं वाचवलं नाही. नळीतलं पाणी आता थेट पट्टीवर पडत होतं आणि मी कोरडे ठेवलेले बाकीचे तीन ठिपके एकेक करून ओले होत होते. भास्करराव म्हणत होते, "तं मंग साक्षगंधाची तारीख—" आणि घरात रुग्णवाहिका शिरली.

पॅं-पूं, पॅं-पूं! शोभाताईंच्या हातून चमचा पडला. दारात शेजारच्या ठाकरे काकू पदर खोचून हजर. "काय झालं हो सर? कोनाले नेऊन राहिले? मंगला बरी हाय ना?"

"सगळे बरे आहेत काकू, हे आपलं… इलेक्ट्रॉनिक्स आहे!"

"कोनतं दुखनं म्हनता हे?"

मी धावत जाऊन कूलर बंद केला. कूलर बंद झाला, रुग्णवाहिका नाही! तिचा सेल वेगळा, आणि ताट्या ओल्याच. म्हणजे आता आवाजही होता आणि उकाडाही. पाचच मिनिटांत सगळे घामानं निथळले, आणि तेवढ्यात पुढचा ठिपका भिजून पोलीस आले. फाटकाबाहेर गल्लीतली माणसं जमली. "पोरीकडच्या घरी पोलीस आले म्हनते!" असं कुणीतरी स्पष्ट म्हणालं, आणि शोभाताईंनी पर्स मांडीवर घेतली. मला दिसलं, रश्मीचे डोळे भरले होते. लेकीनं एकच गोष्ट मागितली होती!

"हे तुमीच बनवलं का?" भास्कररावांनी दरडावून विचारलं.

"हो जी," मी म्हणालो. (घाबरलो की माझं पुस्तकी मराठी गळून पडतं.) "मीच बनवलं. पोरगी नको म्हनत होती. तिचा काही दोष नाई, तुमी तिले काही म्हनू नका."

भास्करराव उठले. मला वाटलं, चालले! पण त्यांनी बाह्या वर केल्या. "सरका बाजूले. माह्या घरी मिस्त्री येत नाई." आमच्याकडे कूलरला हात लावण्याआधी चप्पल घालतात, कारण तो करंट मारतो हे बाळगोपाळांनाही ठाऊक असतं. त्यांनी चप्पल घातली, स्वयंपाकघरातली सांडशी मागवली, एक ताटी उपसून काढली आणि आत डोकावले. "अरे, ह्या नळीनंच घोळ केला!" असं म्हणून त्यांनी नळी उपटून हातात धरली. तिचं तोंड आता हॉलकडे होतं. "सर, जराक पंप चालू करा पाहू. पानी कुठून येते ते समजते."

इवायाची आज्ञा! मी बटण दाबलं.

पाणी कुठून येतं ते सर्वांना समजलं. आधी ते निखिलच्या इस्त्रीच्या शर्टावर आलं, मग सोफ्यावर, मग ठाकरे काकूंवर आणि शेवटी गिल्या वड्यांवर. दचकून भास्कररावांनी नळी आत टाकली, ती चौथ्या ठिपक्यावर पडली, आणि अमरावतीच्या इतिहासात प्रथमच एका बैठकीत मशीनगन चालली. काकू खरोखर खाली बसल्या!

मंगलानं पंप बंद केला. मशीनगन चालूच. आम्ही दोघं कर्ते पुरुष नखशिखांत भिजून, एकाच्या हातात सांडशी आणि एकाच्या हातात काहीच नाही, असे उभे होतो. मग शोभाताईंनी पर्स बाजूला ठेवली.

"काहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मिस्त्री येत नाई म्हनता, अन् मागच्या महिन्यात पंख्याले हात लावला तं आपन दोन दिवस अंधारात होतो, ते सांगतलं का इवायाले?"

"ते… मेन लाइनचा फॉल्ट होता."

"अन् मिक्सर? झाकन छताले चिकटलं होतं, अजून डाग हाय!" त्या मंगलाकडे वळल्या. "तुमचे बी असेच का ओ?"

"असेच," मंगला म्हणाली, आणि इतक्या वर्षांत माझ्याबद्दल एवढ्या ठामपणे ती पहिल्यांदाच बोलली. त्यावर शोभाताई जे हसायला लागल्या, ते थांबेचनात. निखिल हसला, रश्मी हसली, काकू खाली बसल्याबसल्या हसल्या. शोभाताईंनी रश्मीला जवळ घेतलं. "आमच्या घरी तुले बिलकुल परकं वाटनार नाई पोरी. सगळं इथल्यासारखंच हाय!"

तारीख दोघी इहिणींनी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या ठरवली. आम्हाला नंतर कळवण्यात आलं. मशीनगनचं काय करायचं, हेही मंगलानंच ठरवलं: लेपासकट ती छिन्नीनं खरवडून काढली आणि गव्हाच्या कोठीत तळाशी पुरली. तिथं ती हळूहळू शांत झाली. पण हवा दमट झाली की अजूनही कधीकधी गव्हातून पाखरू बोलतं, आणि मंगला दळण काढताना माझ्याकडे बघते.

त्या दिवशी जाताना शोभाताई म्हणाल्या, "आमची कायची मागनी नाई. एकच अट हाय. लग्नात मांडवातल्या कोनत्याच वायरले ह्या दोघायनं हात लावाचा नाई."

या उन्हाळ्यात लग्न झालं. अट तंतोतंत पाळली गेली. मांडवात मोठाले कूलर होते, आणि आम्हा दोन्ही इवायांवर मिळून एकच जबाबदारी टाकली होती: पाणी भरणं. भास्कररावांनी पाइप धरायचा, आणि मी नळावरच्या पोरांना ऐकू जाईल असं, टाकी काठोकाठ आली की ओरडायचं, "बास! बास! बास!" फेटा बांधून, अक्षता हातात घेऊन मी दुपारभर ओरडत होतो, आणि सांगायला अभिमान वाटतो की मांडवात एक थेंबही सांडला नाही. वय वर्षे आठच्या पोरांना जमणारा, पाण्याची पातळी सांगणारा गजर मला अखेर सत्तावन्नाव्या वर्षी बिनचूक जमला. फक्त त्यात किटचा एकही भाग नव्हता, सगळा मीच होतो.