गडग्यावरचं टेबल

मुलांनो, गेल्या रविवारी फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, त्या नाताळात तुम्ही आणि सिस्टरआजी भांडला होता का?" तिला तुमच्या बाबांच्या लॅपटॉपवर तो फोटो सापडला होता. एका बाजूला मी आणि आजोबा, दुसऱ्या बाजूला आजोबांची थोरली बहीण, आणि मधे दगडी गडगा. फोटो पाहून कुणालाही तसंच वाटेल. आमच्या रत्नागिरीत भावाबहिणीच्या मधे गडगा दिसला की लोक आधी कोर्टाची तारीख विचारतात. म्हणून ठरवलं की हे सगळं क्रमाने लिहून ठेवावं. फोनवर सांगायला गेले की तुमचे आजोबा मधे बोलतात आणि क्रम जातो.

आधी जागा सांगते, कारण तुम्ही शेवटचे आलात तेव्हा फार लहान होता. आमचं मागचं अंगण जिथे संपतं तिथे जांभ्या दगडाचा गडगा आहे. कमरेइतका उंच, सिमेंट न लावता चिऱ्यावर चिरा ठेवून रचलेला. त्याच्या पलीकडे ताईंचं छोटं घर आणि त्यांची पडवी. ताई म्हणजे आजोबांची बहीण, त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. मिशनच्या इस्पितळात त्यांनी सगळी नोकरी परिचारिका म्हणून केली. लग्न केलं नाही. सगळी आळी त्यांना सिस्टर म्हणायची, आणि निवृत्त झाल्यावरही कुणाच्या मुलाला ताप आला तर डॉक्टरच्या आधी त्यांचं दार वाजायचं.

लॉकडाऊन लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताई गडग्यापाशी आल्या. तोंडाला जुन्या पातळाची चार पदरी पट्टी बांधलेली. मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, वही आण."

मी वही आणली. त्यांनी नियम सांगितले, मी लिहून घेतले. इकडचं माणूस तिकडे जाणार नाही. दुधाची पिशवी साबणाच्या पाण्यात बुडवून मगच घरात. भाजी एक दिवस पडवीत. मासळी आणणाऱ्या बाईने टोपली फाटकाबाहेर ठेवायची आणि आपण भांडं तिथे न्यायचं. मी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, वेळापत्रकं केली, पण इतकं नेटकं वेळापत्रक माझ्याच्याने झालं नसतं. मनात थोडा राग आला आणि थोडं कौतुकही वाटलं. पुढच्या महिन्यांत राग गेला.

हे नियम आजोबांसाठी होते, हे कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. तुमच्या आजोबांना कॉलेजात असताना क्षय झाला होता. तेव्हापासून त्यांचं एक फुप्फुस अर्धंच काम करतं. रोज सकाळी साडेआठला ते गडग्याशी उभे राहत, बोटाला ती ऑक्सिजन मोजायची चिमटी लावत आणि आकडा ओरडून सांगत. पलीकडे ताई तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत. एकदा आजोबांनी गमतीने शंभराच्या पुढचा आकडा सांगितला. ताई म्हणाल्या, "बाळ, तू गणिताचा मास्तर होतास. लाज नाही वाटत?" पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाला त्या बाळ म्हणत, आणि तो माणूस खाली मान घालून खरा आकडा सांगे.

दुपारचा डबा मी गडग्यावर ठेवत असे आणि पाच पावलं मागे सरत असे. मग ताई येऊन तो उचलत. पहिले काही महिने डबा रिकामा यायचा. गणपतीनंतर तो अर्धा भरलेला यायला लागला. विचारलं तर म्हणत, "एकटीला किती लागतं?" त्यांची पातळं सैल दिसायला लागली. निऱ्या आधी पाच पडत, आता सात पडतात, असं मी आजोबांना म्हटलं. त्या दिवशी त्यांनीही नीट जेवण केलं नाही.

डिसेंबरच्या एक तारखेला मी दरवर्षी नाताळची वही काढते. करंज्यांचं सारण कधी, पडदे कधी धुवायचे, तारा कुणी टांगायचा, केक भाजायला बेकरीच्या भट्टीवर कधी पाठवायचा, हे सगळं तिच्यात असतं. पहिली ओळ नेहमी एकच: पानं किती. कधी चौदा, कधी नऊ. त्या वर्षी तुमचं विमान नव्हतं, पुण्याच्या मंडळींनी आधीच नाही म्हणून कळवलं होतं. देवळातूनही निरोप आला होता की साठीच्या वरच्यांनी घरूनच उपासना करावी. (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, हे धाकटीला सांगा.) मी 'पानं' लिहिलं आणि पुढे दोन लिहिलं.

आजोबा मागे उभे होते. म्हणाले, "तीन कर."

"ताई येणार नाहीत. त्यांचाच नियम आहे."

"तीन कर," ते पुन्हा म्हणाले आणि बाहेर गेले.

मी गडग्यापाशी जाऊन ताईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या दारात औषध विचारायला माणसं येतात. त्यांना मी नाही म्हणत नाही. मग मी बाळच्या समोर बसून कशी जेवू? या वर्षी पेज पिऊन निजेन. ते टेबल सोडून मी नाताळ कधी जेवले नाही, आता मुद्दाम ताट वाढून एकटीने बसायचं कशाला?"

हे खरं होतं. आमच्या घरी नाताळचं जेवण ताईंच्या प्रार्थनेशिवाय सुरू होत नसे. रात्रपाळी असली तरी त्या सकाळी इस्पितळातून सरळ येत, टेबलाच्या टोकाला उभ्या राहत आणि प्रार्थना करत. ती लांबलचक असायची. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत घरातल्या प्रत्येकाचं नाव त्या घेत, कोण कुठे आहे आणि त्याला काय हवं आहे ते देवाला सांगत. तोवर वडे गार होत. तुमचे बाबा लहानपणी एक डोळा उघडा ठेवून वड्यांकडे बघत बसायचे.

मी सुचवलं की फोन समोर ठेवू, तुम्ही तिकडे, आम्ही इकडे. ताई म्हणाल्या, "त्या डबीकडे बघून मी डोळे मिटू? मग कशाकडे बघायचं?"

मी घरात आले आणि आजोबांना म्हटलं, जाऊ दे, एक वर्षाचा प्रश्न आहे. तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी लग्नाला पन्नास वर्षं होऊनही मला माहीत नव्हती. क्षय झाला तेव्हा त्यांना सात महिने मागच्या खोलीत ठेवलं होतं. ताट वेगळं, तांब्या वेगळा. ताई तेव्हा नर्सिंग शिकत होत्या. दर रविवारी सुट्टीला येत आणि आपलं ताट घेऊन त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसत. आत पाऊल टाकत नसत. पण ते पहिला घास घेईपर्यंत त्या घेत नसत. "तिने मला एकट्याला जेवू दिलं नाही," ते म्हणाले. मग कागद-पेन्सिल घेऊन आकृती काढायला बसले.

आकृती टेबलाची होती. ते टेबल तुमच्या पणजोबांनी सागाचं करून घेतलेलं, आठ माणसांचं. मधोमध दोन पितळी कड्या आहेत. त्या काढल्या की टेबलाचे दोन भाग होतात. घर बांधताना दारातून आत यावं म्हणून तशी सोय केली होती. आजोबांची योजना अशी की अर्धं टेबल ताईंच्या पडवीत जाईल, अर्धं आमच्या अंगणात राहील. टेबल तेच, फक्त मधे जागा. ताईंना ही कल्पना गडग्यावरून ऐकवली. त्यांनी विचारलं, "उचलणार कोण?"

समोरच्या घरातला माझा जुना विद्यार्थी बोटीवर नोकरीला होता. त्या वर्षी त्याची बोट त्याला बोलवत नव्हती, म्हणून तो आठ महिने घरी बसून होता. त्याची बायको आम्हाला शुक्रवारी बिर्याणीचा डबा पाठवायची आणि आमच्या करंज्यांची वाट बघायची. तो आनंदाने तयार झाला. ताईंनी त्याला आधी हात धुवायला लावले, मग मास्क नाकावर घ्यायला लावला, मग परत हात धुवायला लावले. आम्ही दोघं तोवर अंगणाच्या टोकाला, पेरूखाली.

माझ्या वहीत त्या कामाच्या बावीस ओळी होत्या. टेबलक्लॉथ दोन भागांत कापायचा की नाही, सोलकढीचे पेले कुठे ठेवायचे, उन्हं कुठे येतील, फोन कशाला टेकवायचा. नाताळच्या सकाळी त्याने आपल्या भावाला मदतीला घेतलं, टेबल अंगणात आणलं, कड्या काढल्या आणि अर्धा भाग उचलून गडग्यापलीकडे पडवीसमोर नेऊन ठेवला. हात सोडला, आणि टेबल पुढच्या बाजूला धाडकन वाकलं. इकडचा अर्धा भाग भिंतीला टेकवून ठेवला होता; त्याच्या भावाने तो उभा केला, तर तोही आमच्यासमोर तसाच झुकला.

चार पायांचं टेबल दोघांत वाटलं की वाट्याला दोनच पाय येतात. हे गणित एका गणिताच्या मास्तराने, एका इंग्रजीच्या बाईने आणि सगळ्या इस्पितळाचा हिशोब तोंडपाठ असलेल्या सिस्टरने मिळून केलं नव्हतं. पन्नास वर्षं त्या टेबलावर जेवलो होतो.

माझा विद्यार्थी एका हाताने टेबल धरून माझ्याकडे बघत होता. "बाई, लिस्टमध्ये पाय लिहिले नव्हते काय?"

आजोबा म्हणाले, "पाटांचे ढीग लावू खाली."

"सोलकढी सांडेल," मी म्हटलं.

ताई पडवीच्या पायरीवर उभ्या राहून हे सगळं पाहत होत्या. "दोन पायांवर उभं राहायला ते काय माणूस आहे?" त्या म्हणाल्या. "गडग्यावर टेकव त्याला."

त्या पुढे आल्या आणि गडग्यावर थाप मारली. "इथे. तिकडचं तिकडून टेकवा, इकडचं इकडून. वरचा थर काढलात की उंची बरोबर येईल."

आजोबांनी पट्टीने मोजलं. वरच्या थराचे सहा चिरे काढल्यावर उंचीत बोटभराचाही फरक राहिला नाही. दोन्ही भावांनी चिरे उतरवून खाली रचले. मग अर्धं टेबल पलीकडून गडग्यावर टेकलं, अर्धं अलीकडून, आणि टेबल पुन्हा एक झालं. गडगा त्याच्या पोटाखालून जात होता. मी टेबलक्लॉथ कापला नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खा अंथरला.

ताईंनी शिवणाची टेप आणून अंतर मोजलं. साडेसात फूट भरलं. "सहा पुरे होते," त्या म्हणाल्या, "दीड फूट वरकड आहे. बाळ, तू मात्र इकडे तोंड करून शिंकू नकोस."

बेकरीने त्या वर्षी बाहेरचे ट्रे घेणं बंद केलं होतं, त्यामुळे केक ताईंनीच केला होता. रव्याचा, जाड बुडाच्या पातेल्यात, वर-खाली निखारे ठेवून. एका बाजूने थोडा करपला होता. वडे आणि कोंबडीचा रस्सा माझा. तुम्ही फोनवर होता, पाण्याच्या जगला टेकवलेले, गडग्याच्या बरोबर वर. थोरल्याने तेव्हा विचारलं होतं की तुम्ही भिंतीवर का जेवता. आठवतं का, ते मला माहीत नाही.

ताई टेबलाच्या त्या टोकाला उभ्या राहिल्या आणि डोळे मिटले. प्रार्थना नेहमीसारखीच लांब होती. सगळी नावं घेतली. तुमची घेतली, पुण्याच्या मंडळींची घेतली. मग समोरच्या माझ्या विद्यार्थ्याचं नाव घेऊन देवाला सांगितलं की याची बोट आता येऊ दे, आठ महिने झाले. तो दूर फाटकाशी बायकोबरोबर उभा होता. त्याने मान खाली घातली. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि माझ्या भावाने मला बोलावलं, त्याबद्दल आभार." आम्ही आमेन म्हटलं.

मग त्यांनी आजोबांकडे पाहिलं आणि वाट बघितली. आजोबांनी पहिला घास घेतला, तेव्हा त्यांनी घेतला.

वडे गार झाले होते. ताईंनी तीन खाल्ले. चौथा मागितला तेव्हा मी उठून टेबलाच्या मधोमध, गडग्यावर ठेवला आणि सवयीने पाच पावलं मागे सरले. त्या हसून म्हणाल्या, "मास्तरीण, रस्साही ठेव." त्यानंतर डबा कधी अर्धा आला नाही.

तो फोटो माझ्या विद्यार्थ्याने फाटकाशी उभं राहून काढला. टेबल त्यात नीट दिसत नाही, कारण फोटोत माझी पाठ आडवी आली आहे. म्हणून भांडण दिसतं.

ताई दोन वर्षांपूर्वी गेल्या, आपल्या घरात, झोपेत. माझ्या विद्यार्थ्याची बोट त्या नाताळानंतरच्या उन्हाळ्यात आली होती, आणि आता तो घरी येतो तेव्हा आधी ताईंच्या पडवीत जाऊन बसतो. टेबल परत घरात आहे, कड्या लावलेल्या. प्रार्थना आता आजोबा करतात, तीही लांबच असते. काढलेले सहा चिरे आम्ही परत चढवले नाहीत. ते पेरूखाली रचून ठेवलेले आहेत, आणि गडगा त्या जागी अजून टेबलाच्या उंचीचा आहे.